रॅम साडेतीनपट महाग झाली, मग पीसी असेंबल करायचा का? रत्नागिरीतल्या दोन कोटेशनांचं गणित

"दादा, हे बत्तीस हजार फक्त रॅमचेच आहेत ना? की काकांनी चुकून पूर्ण डब्याची किंमत टाकली?"

२६ जानेवारी यंदा सोमवारी आली, म्हणून शनिवार-रविवार जोडून मी पुण्याहून रत्नागिरीला घरी आलो होतो. मामेबहीण मोबाइल घेऊन समोर बसली होती. ती इथेच इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्यासाठी डेस्कटॉपची यादी मी गणपतीत, म्हणजे ऑगस्ट २०२५ मध्ये बनवून दिली होती. मामा म्हणाला, दिवाळीनंतर बघू. दिवाळीनंतर तिची परीक्षा आली. परीक्षा झाली तेव्हा नवीन वर्ष लागलं होतं. तीच यादी, तेच दुकान, तेच पार्ट. पण कोटेशन वाचून तिला टायपिंगची चूक वाटली.

चूक नव्हती. गेल्या काही महिन्यांत "कॉम्प्युटर असेंबल केला की स्वस्त पडतो" हे आपल्याकडचं जुनं गणित मोडलंय. मला दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारतं, आता घेऊ की थांबू? असेंबल्ड घेऊ की ब्रँडेड? म्हणून या लेखात आधी आकडे बघू, मग असं का झालं ते, आणि शेवटी आम्ही काय केलं ते सांगतो.

दोन कोटेशनं शेजारी ठेवून

यादी साधी होती. गेमिंगचा हट्ट नव्हता. अँड्रॉइड स्टुडिओ, व्हर्च्युअल मशीन, थोडं पायथन आणि कॉलेजचे प्रोजेक्ट, एवढं सुरळीत चालावं. वेगळं ग्राफिक्स कार्ड नको, म्हणून ग्राफिक्स आतच असलेला एएमडीचा प्रोसेसर निवडला. मॉनिटर, कीबोर्ड आणि यूपीएस बाजूला ठेवून फक्त डब्याचा हिशोब असा:

प्रोसेसर (रायझन ५ ८५००जी): ऑगस्टमध्ये १३,५०० रुपये, जानेवारीत १३,५००
मदरबोर्ड (एएम५ सॉकेट): ९,५०० आणि ९,५००
रॅम (डीडीआर५, १६ जीबीच्या दोन स्टिक): ९,००० आणि ३२,०००
एसएसडी (१ टीबी): ४,८०० आणि ८,५००
एसएमपीएस: ४,००० आणि ४,०००
कॅबिनेट: ३,२०० आणि ३,२००
एकूण: ४४,००० आणि ७०,७००

प्रोसेसर, बोर्ड वगैरेंत शे-दोनशेचा फरक होता, तो सोडून दिलाय. हे एका दुकानाचे भाव आहेत. तुमच्या गावात थोडे इकडेतिकडे असतील, पण चित्र हेच दिसेल.

आता नीट बघा. पाच महिन्यांत एकूण वाढ २६,७०० रुपये. त्यातले २३,००० एकट्या रॅमचे, उरलेले ३,७०० एसएसडीचे. बाकी सगळं जागच्या जागी आहे. ऑगस्टमध्ये डब्याच्या किमतीत रॅमचा वाटा साधारण २० टक्के होता, आता ४५ टक्के झालाय. प्रोसेसर आणि मदरबोर्ड मिळून २३,००० होतात, रॅम त्याहून नऊ हजारांनी महाग आहे. मी शाळेत असल्यापासून पीसी जुळवतोय, पण "आधी रॅमचं बोला, मग बाकीचं" असं दुकानदाराच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

रॅम गेली कुठे?

पीसीच्या रॅममध्ये ज्या चिप असतात त्यांना डीरॅम म्हणतात. जगातली बहुतेक डीरॅम तीन कंपन्या बनवतात: दक्षिण कोरियाच्या सॅमसंग आणि एसके हायनिक्स, आणि अमेरिकेची मायक्रॉन. तुम्ही दुकानातून कुठल्याही ब्रँडची स्टिक घ्या, वरचं स्टिकर आणि हीटसिंक वेगळं असेल, आतली चिप बहुतेक वेळा या तिघांपैकीच कुणाची तरी असते.

या तिघांकडे आता एक फार मोठं गिऱ्हाईक आलंय, ते म्हणजे एआयची डेटा सेंटर. तिथल्या एआय चिपना एचबीएम नावाची खास मेमरी लागते. डीरॅमचे थर एकावर एक रचून ती बनवतात. सिलिकॉनची चकती, म्हणजे वेफर, तीच आणि कारखानेही त्याच कंपन्यांचे. पण तेवढ्याच जीबीची एचबीएम बनवायला डीडीआर५ च्या तुलनेत साधारण तिप्पट वेफर लागतात, असं मायक्रॉननेच सांगितलंय. म्हणजे एआयसाठी एक जीबी जादा बनवली की आपल्या पीसीच्या वाट्याची साधारण तीन जीबी कमी होते.

रत्नागिरीकरांना हे समजायला फार कष्ट नकोत. बागेतला सगळा चांगला हापूस मोहोर असतानाच बाहेरच्या व्यापाऱ्याने उचलला, तर इथल्या बाजारात पेटीचा भाव काय होईल? आंबा कमी पिकलेला नसतो, तो आधीच विकला गेलेला असतो.

नुसती एचबीएमच नाही, डेटा सेंटरच्या साध्या सर्व्हरनाही ढिगाने रॅम लागते. १ ऑक्टोबर २०२५ ला ओपनएआयने सॅमसंग आणि एसके हायनिक्सबरोबर इरादापत्रं केली. त्यांच्या स्टारगेट प्रकल्पासाठी महिन्याला ९ लाख वेफरपर्यंत डीरॅम लागेल, असा आकडा तेव्हा जाहीर झाला. इरादापत्र म्हणजे पक्की ऑर्डर नव्हे. पण एवढा आकडा ऐकल्यावर बाकीच्या मोठ्या खरेदीदारांनीही घाईघाईने आपापला माल राखून ठेवायला सुरुवात केली.

नोव्हेंबरमध्ये रॉयटर्सने बातमी दिली की सॅमसंगने ३२ जीबी डीडीआर५ मॉड्यूलचा करारातला भाव सप्टेंबरच्या १४९ डॉलरवरून २३९ डॉलरवर नेला. दोन महिन्यांत ६० टक्के वाढ, आणि हा भाव घाऊक खरेदीदारांचा. ३ डिसेंबरला मायक्रॉनने जाहीर केलं की क्रुशियल हा त्यांचा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करणार, फेब्रुवारी २०२६ पर्यंतच माल पाठवणार. आपल्याकडे "साधी, भरवशाची रॅम" म्हणून कित्येक दुकानदार डोळे झाकून क्रुशियल द्यायचे. जानेवारीत ट्रेंडफोर्स या बाजार अभ्यासणाऱ्या संस्थेने अंदाज दिला की २०२६ च्या पहिल्या तिमाहीत साध्या डीरॅमचे करारभाव आधीच्या तिमाहीपेक्षा आणखी ५५ ते ६० टक्के वाढतील.

एसएसडीचं कारण जवळजवळ हेच. तिच्यातली नँड फ्लॅश मेमरी वेगळी असते, पण डेटा सेंटरला मोठ्या एसएसडीही हव्यात, आणि बनवणाऱ्यांत हीच मंडळी पुढे आहेत.

जीएसटी कमी झाला ना?

मामाचा पहिला प्रश्न हाच होता. "सप्टेंबरात जीएसटी उतरला म्हणत होते, मग महाग कसं?"

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले हे खरं. पण कॉम्प्युटर आणि त्याचे पार्ट आधीपासून १८ टक्क्यांत होते आणि तिथेच राहिले. ३२ इंचांपेक्षा मोठे टीव्ही-मॉनिटर आणि प्रोजेक्टर २८ वरून १८ वर आले. आपल्या २४ इंची मॉनिटरला त्याचा काही उपयोग नाही.

उलट कर टक्क्यांत असल्यामुळे भाव वाढला की करही वाढतो. ९,००० च्या रॅममध्ये जीएसटी साधारण १,३७० रुपये होता. ३२,००० च्या रॅममध्ये तो ४,८८० च्या घरात जातो. तेवढ्याच रॅमवर विद्यार्थी साडेतीन हजार जादा कर भरतोय. आयात शुल्क कमी करा म्हणावं तर तिथेही जागा नाही. १९९७ मध्ये भारताने माहिती तंत्रज्ञान करारावर सही केली, तेव्हापासूनच्या वाटचालीत कॉम्प्युटरच्या मेमरीवरचं मूळ आयात शुल्क शून्यावर आलेलं आहे. २०२३ मध्ये लॅपटॉपच्या आयातीवर परवान्याची अट आली तेव्हा बरीच घबराट झाली होती, पण तीही सुटे पार्ट वगळून होती. म्हणजे या वेळची महागाई दिल्लीतून आलेली नाही, सरळ कारखान्याच्या दारातून आली आहे.

"मग आपल्याकडे बनवा की," असंही लोक म्हणतात. गुजरातमध्ये साणंदला मायक्रॉनचा प्रकल्प जून २०२३ मध्ये जाहीर झाला. पण तिथलं काम चिपची जुळणी, पॅकिंग आणि चाचणीचं आहे. डीरॅमची वेफर तिथे बनत नाही, ती बाहेरूनच येते. त्यामुळे जगात वेफर कमी पडली की आपल्यालाही कमीच पडणार.

काउंटरच्या पलीकडे

कोटेशन देणाऱ्या काकांना मी शाळेपासून ओळखतो. माझा पहिला माउस त्यांच्याकडूनच घेतला होता. रत्नागिरीत पार्टचा मोठा साठा कुणीच ठेवत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून नाहीतर कोल्हापूरहून मागवायचं, दोन-तीन दिवसांत पार्सल येतं. रॅम आणि एसएसडी मात्र दुकानात असायच्याच, कारण जुन्या मशिनला रॅम वाढवून देणं हे रोजचं काम.

"पूर्वी दहा स्टिक ड्रॉवरमध्ये पडलेल्या असायच्या," काका सांगत होते. १६ जीबीच्या दहा स्टिक म्हणजे तेव्हाचे ४५,००० रुपये. आज त्याच दहा स्टिक ठेवायच्या तर १,६०,००० अडकवावे लागतात. उद्या भाव पडला तर तोटा दुकानदाराचा. म्हणून त्यांनी साठा ठेवणं बंद केलंय. ॲडव्हान्स घेतल्याशिवाय ऑर्डर नाही. पूर्वी कोटेशन पंधरा दिवस चालायचं, आता त्यावर हाताने लिहिलेलं होतं, "रॅमचा भाव आजपुरता."

यात त्यांचा मार्जिन वाढला असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. उलट गिऱ्हाईक येतं, भाव ऐकतं, तोंडावर "लुटताय" म्हणतं आणि निघून जातं. जे मशीन पंधरा वर्षं त्यांच्या रोजीरोटीचं होतं, तेच विकताना त्यांना आता अर्धा तास सफाई द्यावी लागते. छोट्या गावातला असेंबलर टिकला नाही, तर तुमचा पीसी बंद पडल्यावर दार वाजवायला जवळ कुणी उरणार नाही. ऑनलाइन दोनशे रुपये वाचवताना हे जरूर लक्षात ठेवा.

ब्रँडेड खरंच स्वस्त पडतो?

सध्या काही वेळा होय. मोठ्या कंपन्या रॅम दुकानातून घेत नाहीत, महिन्यांच्या करारावर आधीच उचलतात. त्यामुळे सुट्या पार्टचा भाव आज चढला तरी तयार मशिनच्या किमतीत तो काही महिने उशिरा उतरतो. जुन्या भावाने आलेला डेस्कटॉप किंवा लॅपटॉप दुकानात शिल्लक असेल, तर तेवढ्याच रॅमचा असेंबल्ड पीसी आज त्याच्यापुढे महागच पडेल. ही खिडकी फार दिवस उघडी राहणार नाही, नवीन माल नवीन भावानेच येतोय.

लॅपटॉपचा आणखी एक फायदा आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. लाइट गेली तरी काम चालू राहतं. जूनमध्ये पहिल्या वादळी पावसाला लाइट कधी जाईल आणि कधी येईल, हे रत्नागिरीत कुणी सांगू शकत नाही.

पण घेण्याआधी दोन गोष्टी बघा. रॅम बोर्डावर सोल्डर केलेली आहे की स्लॉट आहे? ८ जीबी सोल्डर केलेली आणि स्लॉट नाही, असं मशीन इंजिनिअरिंगच्या मुलाने घेऊ नये. डेस्कटॉप असेल तर एसएमपीएस आणि मदरबोर्ड नेहमीच्या मापाचे आहेत का? काही ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये एसएमपीएसची पिन कंपनीची स्वतःची असते. वॉरंटी संपल्यावर तो उडाला तर बाजारातला साधा एसएमपीएस त्याला बसत नाही.

मी थांबलो होतो तेव्हा

माझा स्वतःचा पहिला पीसी २०१६ मधला. इंजिनिअरिंगला ॲडमिशन झाली आणि बाबांबरोबर मुंबईला जाऊन पार्ट आणले. पैसे कमी पडले म्हणून ८ जीबीची एकच स्टिक घेतली. साधारण तीन हजारांना मिळाली. दुसरी सहा महिन्यांनी घेऊ म्हटलं. आणि २०१७ मध्ये रॅमचे भाव असेच चढले. तीच स्टिक साडेसहा हजारांपर्यंत गेली. मी वैतागलो, पण घेतली नाही. २०१९ मध्ये भाव परत खाली आले तेव्हा दुसरी स्टिक पहिलीपेक्षाही कमी पैशांत मिळाली. मधली तीन वर्षं ८ जीबीवर निघाली. क्रोमचे टॅब मोजून उघडावे लागले, एवढंच.

त्या पीसीत चूक झाली ती वेगळीच. कॅबिनेटबरोबर फुकट आलेला एसएमपीएस मी तसाच वापरला. दुसऱ्या पावसाळ्यात लाइट येता-जाताना तो फट् करून गेला आणि मदरबोर्ड घेऊन गेला. बोर्ड वॉरंटीत होता, पण रत्नागिरीत सर्व्हिस सेंटर नाही. पार्सल बाहेर गेलं, तीन आठवड्यांनी परत आलं, आणि माझी सबमिशनची तारीख तोवर होऊन गेली होती.

यातून दोन धडे घेतले. रॅम नंतर वाढवता येते, म्हणून तिथे हात आखडता घेतला तर चालतो. एसएमपीएसमध्ये वाचवलेले पैसे मात्र दुप्पट होऊन जातात.

भाव कधी उतरतील?

उतरतील, पण पुढच्या सेमिस्टरला नाही. २०११ मध्ये थायलंडच्या पुराने हार्ड डिस्क महाग झाल्या, २०२१ मध्ये क्रिप्टोवाल्यांनी ग्राफिक्स कार्डं पळवली. दोन्ही वेळा भाव चढायला काही आठवडे लागले आणि उतरायला वर्ष किंवा त्याहून जास्त. मेमरीचा धंदा तर मुळातच चढउताराचा. टंचाई आली की सगळे कारखाने वाढवतात, मग माल जास्त होतो आणि भाव कोसळतात.

या वेळी कारखाने वाढायलाच वेळ आहे. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने आपल्या निकालांबरोबर सांगितलं की टंचाई २०२६ संपल्यावरही राहील असं दिसतंय. अमेरिकेत आयडाहोमध्ये त्यांचा नवा कारखाना उभा राहतोय, त्यातून पहिली वेफर २०२७ च्या मध्यावर अपेक्षित आहे. म्हणून "दिवाळी सेलला घेऊ" हा हिशोब यंदा धरू नका. ज्याला गरज नाही त्याने खुशाल थांबावं. पण ज्याचा अभ्यास किंवा धंदा अडलाय, त्याने स्वस्ताईची वाट बघण्यात अर्थ नाही.

आणि नेमकं आत्ताच अडलेले लोक जास्त आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला अधिकृतपणे टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. गावोगावी झेरॉक्स, टायपिंग, ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्या दुकानांत चौथ्या-पाचव्या पिढीची मशिनं अजून चालू आहेत. मामाचं एसटी स्टँडजवळचं दुकान त्यातलंच. म्हणजे सगळ्यांना मशीन बदलायची वेळ आली आणि त्याच मुहूर्तावर रॅम महागली.

आम्ही काय केलं

बहिणीसाठी यादी तीच ठेवली, फक्त दोन ओळी बदलल्या. ३२ जीबीऐवजी १६ जीबीची एकच स्टिक, १६,००० रुपये. १ टीबीऐवजी ५०० जीबी एसएसडी, ५,०००. एकूण ५१,२००. ऑगस्टच्या ४४,००० पेक्षा सात हजार जादा, पण ७०,७०० पेक्षा साडेएकोणीस हजार कमी.

इथे एक तांत्रिक मुद्दा सांगायला हवा. प्रोसेसरच्या आतलं ग्राफिक्स स्वतःची मेमरी बाळगत नाही, ते रॅमच वापरतं. एका स्टिकवर रॅमचा रस्ता एकपदरी होतो, दोन स्टिकवर दुपदरी. त्यामुळे एका स्टिकवर गेम नक्कीच हळू चालतील. कोडिंगमध्ये हा फरक फारसा जाणवत नाही. मग ८-८ च्या दोन का नाही घेतल्या? कारण आमच्या बोर्डाला दोनच स्लॉट आहेत. आज दोन्ही भरले तर उद्या वाढवताना दोन्ही काढून टाकाव्या लागतील. चार स्लॉटचा बोर्ड असला तरी डीडीआर५ च्या चार स्टिक लावल्या की वेग बऱ्याचदा कमी करावा लागतो. एक स्लॉट रिकामा ठेवला की पुढे तशीच दुसरी स्टिक घालता येते. म्हणून पहिल्या स्टिकचा मॉडेल नंबर लिहून ठेवा.

एएम५ सॉकेटला २०२७ आणि त्यापुढेही नवे प्रोसेसर देऊ, असं एएमडीने सांगितलंय. त्यामुळे तीन वर्षांनी प्रोसेसर बदलायचा झाला तरी बहुधा बोर्ड तोच राहील.

"मग जुन्या एएम४ बोर्डावर डीडीआर४ का नाही?" बहिणीने विचारलं. प्रश्न बरोबर होता. पण डीडीआर४ चं उत्पादन कंपन्या आवरत आणतायत, त्यामुळे तीही महागच आहे, आणि तिथून पुढे वाटच नाही. घरात किंवा ओळखीत डीडीआर४ रॅम पडून असेल तरच हा मार्ग धरा.

मामाच्या दुकानासाठी उलटा निर्णय घेतला. त्याच्याकडे मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर आहे, युनिकोडच्या आधीच्या फाँटचं, आणि वकील मंडळींचे दहा वर्षांचे अर्ज त्यात पडलेत. त्यामुळे लिनक्सवर जा म्हणणं म्हणजे धंदा बंद कर म्हणणं. घरगुती वापरासाठी विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सुरक्षा अपडेट मिळतात, पण दुकानाला तो कायमचा उपाय नाही. त्याच्यासाठी ऑफिसातून निघालेला, आठव्या पिढीचा वापरलेला डेस्कटॉप बघितला, रॅमसकट. आज नवी रॅम घेण्यापेक्षा रॅम आत असलेलं अख्खं जुनं मशीन घेणं कधीकधी परवडतं, अशी वेळ आलीय. घेताना मेमटेस्ट रात्रभर चालवला, एसएसडीची तब्येत तपासली, विंडोज ११ ॲक्टिव्हेट आहे ना ते बघितलं, आणि मामाचं टायपिंग सॉफ्टवेअर त्यावर उघडतंय ना हे पैसे देण्याआधी करून बघितलं.

कोकणात राहत असाल तर

दुकानातून बाहेर पडण्याआधी बिलावर प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर लिहून घ्या. रॅम सोन्याच्या भावाने घेताय, तर पावतीही तशीच सांभाळा.

एसएमपीएस नावाजलेल्या कंपनीचा आणि किमान पाच वर्षांच्या वॉरंटीचा घ्या. सोबत यूपीएस हवाच. चिऱ्याच्या जुन्या घरात अर्थिंग नीट आहे का, हे एकदा इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर ते नॉर्मल नाही.

दमट, खाऱ्या हवेत रॅमच्या पिनांवर थर बसतो. पावसाळ्यात पीसी चालू होत नसेल, नुसतं बीप-बीप करत असेल, तर लगेच नवीन रॅम घ्यायला धावू नका. लाइट बंद करा, वायर काढा, स्टिक काढून पिना पांढऱ्या खोडरबराने हळूच पुसा, भुगा झटका आणि परत बसवा. आमच्या इथल्या प्रत्येक दुरुस्तीवाल्याचं हे पहिलं औषध आहे. पूर्वी याने चार हजार वाचायचे, आता सोळा वाचतील.

आणि जुना पीसी भंगारात देत असाल तर रॅम काढून ठेवा. विकली नाही तरी कुणाच्या तरी कामाला येईल.

मग असेंबल्ड घ्यायचा की नाही?

मामाने शेवटी हेच विचारलं. "स्वस्त पडत नाही, तर मग एवढा खटाटोप कशाला?"

मी त्याला सांगितलं, या वर्षी असेंबल्ड स्वस्त म्हणून घेऊ नये, तो अर्धवट घेता येतो म्हणून घ्यावा. आज एक स्टिक, भाव उतरल्यावर दुसरी. आज छोटी एसएसडी, नंतर शेजारच्या स्लॉटमध्ये मोठी. ग्राफिक्स कार्ड लागलंच तर नोकरी लागल्यावर तिच्या पैशाने. ज्या वर्षी जो पार्ट महाग, तो सोडून बाकीचं घेता येतं. तयार मशिनमध्ये ही मुभा फार कमी मिळते. ज्याला एकदाच घ्यायचं आणि परत उघडायचं नाही, त्याने जुन्या भावाचं ब्रँडेड मशीन मिळत असेल तर बिनधास्त घ्यावं.

रविवारी संध्याकाळी बहिणीने स्वतःच पीसी जुळवला. मी फक्त प्रोसेसर बसवताना शेजारी उभा होतो. रॅमच्या रिकाम्या स्लॉटकडे बघून तिने विचारलं, "दादा, हा कधी भरायचा?" मी म्हटलं, तुझी डिग्री पूर्ण होईपर्यंत भाव उतरावेत. तोवर १६ मध्ये भागव.